सीटखालची झोप

मार्लिस एंगब्रेटसन बोलता बोलता झोपायची. आधी जांभई नाही, डोळे चोळणं नाही, "चला, जरा पडते" नाही. थेट वाक्याच्या मधोमध. "नोरीन, तुझ्याकडे जरा..." एवढं म्हणायची आणि मान छातीवर. मी आपली बसलेय वाट बघत. कॉफी निवतेय, झुडपाखालून लाव्यांचा थवा लगबगीनं चाललाय, आणि बऱ्याच वेळानं बाईसाहेब डोळे उघडून म्हणणार, "...खायचा सोडा आहे का?" जणू मध्ये काही घडलंच नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, गेली ही. नाकाशी बोट धरलं तर श्वास लागेना. मी किंचाळणार, तेवढ्यात तिनं घशातून असा काही आवाज काढला की शेजारच्या व्हॅनमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

हे आमच्या तळावरचं. क्वार्टझाइट गावाच्या दक्षिणेला, वाळवंटातल्या कोरड्या ओढ्याच्या वळणावर आम्ही काही व्हॅनवाले दर हिवाळ्यात उतरतो. पंधरवडा झाला की सरकारी नियमाप्रमाणे उठायचं, म्हणून आम्ही उठतो, ओढ्याच्या पलीकडे जाऊन बसतो आणि पुढच्या पंधरवड्याला परत अलीकडे येतो. सगळे म्हातारे. कोणी नवरा गमावलेला, कोणी घर, कोणी नुसतीच घराची आवड. मी स्पोकेनच्या पोस्टात जन्मभर पत्रं लावली. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता आपला पत्ता कोणाला सापडायला नको.

आमच्याकडे दोनच गोष्टी पाळल्या जातात. एक म्हणजे सकाळची कॉफी. ती एलॉय बाका करतो, निळ्या भांड्यात, शेकोटीवर, आणि पहिला कप मिळतो तो ज्याला रात्री स्वप्न पडलं त्याला. स्वप्न सांगायचं आणि कप घ्यायचा. हे कोणी सुरू केलं कोणाला आठवत नाही, पण त्यामुळे दिवसाची सुरुवात गुडघ्यांच्या गप्पांनी होत नाही, एवढं खरं. दुसरी गोष्ट म्हणजे शांतता. एलॉयनं न्यू मेक्सिकोत आयुष्यभर टेलिफोनच्या खांबांवर चढून लोकांच्या घंटा दुरुस्त केल्या. त्याचे कान किटले होते. तळाच्या तोंडाशी त्यानं स्वतःच्या हातानं रंगवून पाटी लावली आहे: "इथे इंजिन चालू करण्यापूर्वी नीट विचार करा. मग करू नका." आम्हा सगळ्यांच्या टपावर उन्हातून वीज करणारी सौर पॅनेल आहेत, त्यामुळे विजेसाठी इंजिनाची गरज पडत नाही. पाणी आणायला, कपडे धुवायला जायचं असेल तर दोघं-तिघं मिळून एकाच गाडीतून जातो, तेही कॉफीनंतर. आणि पडदा लावलेल्या व्हॅनचं दार वाजवायचं नाही, हे तर लहान मुलालाही कळावं.

मार्लिस आली त्या हिवाळ्यात तिची जुनी फोक्सवॅगन ओढ्याशी येऊन थांबली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. फिक्या पिवळ्या रंगाची, वरचं छप्पर उचलून कापडी भिंतींची माडी होणारी. आतून मोठ्या हाडापेराची, पांढऱ्या वेणीची बाई उतरली. एलॉयनं विचारलं, "प्रवास कसा झाला?" ती म्हणाली, "वाईट नाही." नंतर कळलं की वाटेत दोनदा टायर फुटला होता आणि डेन्व्हरजवळ गारपिटीनं काच तडकली होती. मिनेसोटाच्या माणसाकडून याहून मोठी तक्रार निघत नाही. याहून मोठं कौतुकही निघत नाही. माझा खास पीच पाय खाऊनसुद्धा ती "वाईट नाही" एवढंच म्हणाली, आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

फर्गस फॉल्सजवळच्या गोठ्यात वाढलेली ही बाई. पुढे शाळेची बस चालवायची, हिमवादळातसुद्धा. पोरं दंगा करायला लागली की ओरडायची नाही. बस रस्त्याच्या कडेला उभी करायची, हात मांडीवर ठेवायची आणि बसून राहायची. बाहेर बर्फ, आत हळूहळू शांतता, मग गाडी पुढे. तिचा नवरा आर्विड होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. कडाक्याच्या थंडीत दोघं रात्री गाडीची बॅटरी काढून स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवायचे, म्हणजे सकाळी गाडी सुरू होईल. "आमच्याकडे बॅटरीला पाहुण्यासारखं वागवतात," ती म्हणायची. ही व्हॅन आर्विडनंच घेतली होती, एकदा दक्षिणेला जाऊ म्हणून. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी. मग पुढचं वर्ष आलं आणि तो नव्हता.

स्वप्नांच्या बाबतीत मात्र मार्लिसनं आम्हा सगळ्यांना खिशात टाकलं. तिच्या स्वप्नात तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडलं की मासा डोकं वर काढून म्हणायचा, "आज रविवार, आज सुट्टी." तिच्या स्वप्नात शाळेची बस ढगातून जायची आणि पोरं खिडकीतून हात काढून ढगाचे लपके खायची. एकदा तिच्या आईच्या गाई माळ्यावर चढून बसल्या आणि खाली उतरेनात, तेव्हा पाद्रीबाबांनी त्यांना शिडी धरली. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकायचो. उन्हं अजून डोंगराआड असायची, धूर सरळ वर जायचा, आणि त्या मऊ, जाडसर आवाजात गाई एकेक पायरी उतरायच्या. पहिला कप जवळजवळ रोज तिचाच.

मला मात्र काहीतरी खटकत होतं. जन्मभर पाकिटं हाताळल्यावर आत काय असेल ते वरून थोडं कळतं. माझ्या स्वप्नात मी नेहमी एक बूट शोधत असते आणि तो सापडायच्या आत जाग येते. खऱ्या स्वप्नांना शेवट नसतो. मार्लिसच्या स्वप्नांना सुरुवात असायची, मध्य असायचा, आणि शेवटी सगळे हसायचे.

मग तो पाण्याचा दिवस आला. त्या दिवशी ती एकटीच गावात पाणी आणायला गेली, कारण मला कंटाळा आला होता आणि तिला कोणाला उठवायचा संकोच. दुपारी आम्ही तिची धूळ लांबून येताना बघितली. धूळ सरळ येत होती, मग हळूच रस्ता सोडून बाजूला वळली आणि थांबली. कसला आवाज नाही, काही नाही. एलॉय आणि मी धावलो. म्हणजे एलॉय धावला, मी पाठोपाठ शिव्या देत चालले. गाडी एका झुडपाला नाक टेकून उभी होती, मागे पाण्याचे कॅन लोळत होते आणि मार्लिस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गाढ झोपली होती. एलॉयनं काच वाजवली. तिनं डोळे उघडले, आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "पोहोचले वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी एलॉयनं पहिला कप तिच्यापुढे धरला. तिनं घेतला नाही.

"मला स्वप्न पडलेलं नाही," ती म्हणाली. "आर्विड गेल्यापासून एकही नाही. ती सगळी मी बनवलेली होती. बसमध्ये पोरांना सांगायचे तशी. तुमचे पहिले कप मी फुकट प्यायले."

तिनं मग सगळं सांगितलं. झोपेत तिचा श्वास थांबतो. आयुष्यभर थांबत आलाय, पण तेव्हा शेजारी आर्विड होता. श्वास थांबला की तो झोपेतच कोपर मारायचा, ती कूस वळायची आणि पुन्हा श्वास घ्यायची. "लग्नात त्यानं मला अंगठी दिली आणि कोपर दिलं," ती म्हणाली. तो गेल्यावर डॉक्टरांनी एक यंत्र दिलं, नाकावर मुखवटा आणि त्याला नळी, रात्रभर हवा आत ढकलणारं. पण यंत्राला वीज लागते. व्हॅनमध्ये एकच बॅटरी, ती शेजारच्या सीटखाली, इंजिन सुरू करायची. यंत्र लावून झोपलं की सकाळी व्हॅन मेलेली. वरचं छप्पर उचलायचं, त्यावर सौर पॅनेल बसत नाही. म्हणून यंत्र कांद्यांच्या पिशवीत जाऊन पडलं होतं आणि मार्लिस रात्रभर घुसमटून दर थोड्या वेळानं जागी होत होती, स्वतःला न कळता.

"गावात विजेच्या खांबाला गाडी जोडायचे तळ आहेत की," मी म्हटलं.

"एक रात्र राहून आले. रात्रभर डोळ्यांवर दिवे. इस्पितळाच्या गाडीतळावर झोपल्यासारखं वाटतं." तिनं हात मांडीवर ठेवले. "काल समोरून कोणी येत असतं तर मी त्याला मारलं असतं. कपडे धुवायच्या दुकानात आज चिठ्ठी लावते. व्हॅन विकते आणि जाते मुलीकडे सेंट क्लाउडला. तिच्या तळघरात खोली आहे. वाईट नाही."

या वेळचं 'वाईट नाही' मला ऐकवेना. मला ही बाई आवडायला लागली होती, आणि ते मला अजिबात आवडलेलं नव्हतं.

चिठ्ठी लागली. संध्याकाळपर्यंत ट्यूसॉनच्या एका तरुण जोडप्याचा फोन आला, रविवारी सकाळी येतो म्हणाले.

त्याच संध्याकाळी एलॉय मार्लिसच्या व्हॅनशी गेला, ड्रायव्हरची सीट पुढे ढकलली, मग पार बाहेर काढून वाळूत ठेवली आणि खाली डोकं घातलं. आतून त्याचा आवाज आला, "नोरीन, इकडे ये. आणि त्या मिनेसोटाबाईलाही घेऊन ये."

ड्रायव्हरच्या सीटखाली लोखंडी खोका होता. झाकण, तळ, सगळं व्यवस्थित, आत गंजलेला पाना आणि उंदरानं कुरतडलेला नकाशा.

"ही जागा कशासाठी आहे माहितेय?" एलॉय म्हणाला. "दुसऱ्या बॅटरीसाठी. बनवणाऱ्यानं ठेवलीय, आणि तू इतके दिवस तिच्यावर बसून गाडी हाकतेयस."

"मला वाटलं, बूट ठेवायला असेल."

"बूट! हिच्या देशात बूट सीटखाली ठेवतात आणि बॅटरी चुलीशी."

"आणि तुझ्या देशात सगळ्यात मिरची घालतात," मार्लिस म्हणाली. एलॉयच्या हिरव्या मिरचीच्या रश्श्याचा एक चमचा खाऊन ती एकदा ओढ्यात जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी ते काम म्हणजे आमच्याकडची जत्राच झाली. ज्याला हातभार लावता येत नव्हता त्यानं खुर्ची आणून सल्ला दिला. बॅटरी एलॉयनं गावातून पारखून आणली, पूर्ण सीलबंद, कारण माणूस जिथं झोपतो तिथं उघडी बॅटरी ठेवली तर तिचा वायू नाकात जातो. खोक्यातला गंज खरवडला, बॅटरी आत बसवली, पट्ट्यानं आवळली. पहिल्या बॅटरीपासून करंगळीएवढी जाड वायर गालिच्याखालून इकडे आणली, दोन्ही टोकांना फ्यूज लावले. मध्ये रिले.

"याचं काम काय?" मार्लिसनं विचारलं.

"इंजिन चालू असलं की हा दोन्ही बॅटऱ्यांची गाठ घालून देतो. इंजिन बंद झालं की तोडतो. मग तू रात्रभर ही दुसरी रिकामी केलीस तरी पहिलीच्या केसाला धक्का नाही. सकाळी गाडी सुरू."

"म्हणजे आमच्याकडचे शेजारी," मार्लिस म्हणाली. "बर्फ उपसताना बोलतात, मग आपापल्या घरी."

सीट परत बसवायच्या आधी एलॉय माझ्या व्हॅनमध्ये शिरला आणि न्हाणीतली रबरी चटई घेऊन आला. मी ओरडले, "अरे ए, ती माझी आहे!"

"होती. सीटच्या स्प्रिंगा लोखंडाच्या. मिनेसोटाबाई जोरात बसल्या आणि स्प्रिंग टर्मिनलला टेकली तर व्हॅन पेटेल. तुला चटई प्यारी की मार्लिस?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं. तोवर त्यानं चटई कापलीसुद्धा होती.

पुढच्या सकाळी मार्लिस बाहेर आली तेव्हा तिच्या गालांवर मुखवट्याच्या पट्ट्यांचे लाल वळ होते आणि चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. स्वप्न पडलं नव्हतं. "पण झोपले," ती म्हणाली, आणि मग तिलाच पुरेसं वाटलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "नोरीन, मी झोपले." त्या दिवशी तिनं एकही वाक्य अर्धं सोडलं नाही. माझ्याबरोबर ओढ्याच्या काठानं फिरायला आली. लोहकाठीच्या झाडाच्या सावलीत बसून आम्ही लांबवर उन्हात हलणारे डोंगर बघितले. ते कधी जवळ यायचे, कधी तरंगायचे, आणि ती म्हणाली की आज पहिल्यांदा तिला कळतंय की डोंगर हलतायत, ती नाही. पुढची सकाळही तशीच गेली. एलॉय तळावर छाती काढून फिरत होता. मी म्हटलं, चिठ्ठी काढून आण. ती म्हणाली, "त्यांना ये म्हटलंय. शब्द दिलाय. बघू अजून."

शनिवारी सकाळी ती आली आणि तिच्याकडे बघवेना. डोळे आत गेलेले, पाय ओढत. यंत्र मध्येच बंद पडलं होतं. मुखवटा काढून ती उरलेला वेळ उशीला टेकून बसून राहिली होती.

एलॉय कॉफी तशीच टाकून गेला. सीट काढली, मीटर लावलं. बॅटरी रिकामी. फ्यूज ठीक, वायर ठीक, रिले ठीक. त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. मग बॅटरी विकणाऱ्याचा उद्धार केला, त्याच्या बापाचा केला. शेवटी वाळूत बसला. "बॅटरीच खोटी निघाली," तो म्हणाला. "दुसरी मागवायला आठवडा जाईल."

"राहू दे, एलॉय," मार्लिस म्हणाली. "दोन रात्री मिळाल्या. उद्या ती मुलं येतायत. ठीक आहे सगळं."

मला संताप आला. तिचा नाही, या 'ठीक आहे'चा. मी म्हटलं, "ठीक काय आहे? काय ठीक आहे? बॅटरी दोन रात्री चालते आणि तिसऱ्या रात्री मरते म्हणजे काय? अगं, तू गाडी शेवटची कधी चालू केलीस?"

"चालू?" तिनं माझ्याकडे असं बघितलं जणू मी तिला रस्त्यात कपडे काढायला सांगितले. "का म्हणून चालू करू? पाणी तुझ्या गाडीतून आणलं. आणि इथं सगळे झोपलेले, कोणी वाचत बसलेलं. पाटी आहे ना."

"बॅटरी बसवल्यावर एकदाही नाही?"

"एकदाही नाही," ती अभिमानानं म्हणाली. "एलॉयनं चालू करून बघायला किल्ली मागितली होती, पण तेव्हा पलीकडच्या व्हॅनमधला म्हातारा रॉस्को वामकुक्षी घेत होता. मीच नको म्हटलं."

एलॉयचा चेहरा मी विसरणार नाही. इंजिन चाललं की भरेल अशी बॅटरी त्यानं बसवली होती, आणि इंजिन चालवू नका अशी पाटीही त्यानंच रंगवली होती. आमच्या सगळ्यांच्या बॅटऱ्या ऊन खाऊन आपोआप भरतात, म्हणून ही बॅटरी भरावी लागते हे सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि ही बाई एवढी सभ्य की दोन रात्री पुरेल तेवढी वीज घेऊन आलेल्या पाहुणीला तिनं जेवायलाच वाढलं नाही.

"मी..." एलॉय म्हणाला. "मी गाढव आहे."

"गाढवं आवाज तरी करतात," मी म्हटलं. "ऊठ. हिची गाडी चालू कर."

"उभ्या उभ्या करून नाही भरणार. चालवायला हवी. दुपारभर."

"मी नाही चालवणार," मार्लिस म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "आज तर नाहीच. माझा माझ्यावर भरवसा नाही."

मग मी चालवली. माझ्या चटईवर, त्या बॅटरीवर बसून. त्या गाडीचा गिअर म्हणजे दलियाच्या पातेल्यात डाव फिरवावा तसा, कुठं लागला कळत नाही. तळावरून निघताना इंजिनानं जो काही गडगडाट केला त्यानं रॉस्को खडबडून उठून बसला. एलॉयनं त्याच्याकडे असं बघितलं की तो परत आडवा झाला.

पार्कर गावच्या रस्त्याला लागेपर्यंत मार्लिस झोपली होती. शेजारच्या सीटवर, डोकं काचेला, वेणी खांद्यावर. मी नदीच्या बाजूनं गेले. रस्ता सरळ, इतका सरळ की गाडी चालत नाहीये आणि वाळवंटच मागे ओढलं जातंय असं वाटायचं. सग्वारो निवडुंग एक हात वर करून यायचे आणि जायचे. मध्येच तिचा श्वास थांबायचा. इंजिनाच्या आवाजातसुद्धा मला ते ऐकू यायचं, आवाज नसण्याचा आवाज. मी थोडं थांबायचे, मग हात गिअरवरून उचलून तिला कोपर मारायचे. ती "हं" म्हणायची, हलायची आणि पुन्हा श्वास घ्यायची. नदी दिसली, हिरवी, संथ, तिच्या कडेला बगळे. मी गाडी थांबवली नाही. थांबवली तर रिले गाठ तोडेल म्हणून नाही, मलाच थांबावंसं वाटेना. मला कधी कोणी कोपर मारलं नाही आणि मी कोणाला मारलं नाही. त्या दुपारी एका म्हातारीला कोपरानं जिवंत ठेवत मी नदीच्या कडेनं वर गेले, खाली आले, आणि मला वाटलं की मीच तिच्या झोपेत गाडी चालवतेय. एकदा ती डोळे न उघडताच म्हणाली, "जरा हळू, आर्विड." मी हळू केली.

परत आलो तेव्हा डोंगर जांभळे झाले होते. एलॉय मीटर घेऊन वाटेतच उभा होता. त्यानं टर्मिनलला तारा लावल्या, आकडा वाचला, "भरली" म्हणाला आणि मार्लिसच्या हातात रश्श्याची वाटी दिली, मिरची न घातलेली. न्यू मेक्सिकोच्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे.

रविवारी सकाळी ट्यूसॉनचं जोडपं वेळेआधीच आलं. निळ्या टोपीची मुलगी आणि एक उंच, लाजरा मुलगा. आम्ही शेकोटीशी बसलो होतो. मार्लिसच्या व्हॅनचा पडदा लावलेला होता.

"ही का ती?" मुलगी आनंदानं म्हणाली आणि दाराकडे निघाली.

एलॉय मध्ये जाऊन उभा राहिला. "बाई झोपल्यात."

"पण त्यांनी या वेळेला..."

"बसा," मी म्हटलं. "इथं कोणी दार वाजवत नाही."

ते बसले. कॉफी झाली होती, पण कोणी ओतली नाही. उन्हं डोंगरावरून उतरली, मोठ्या सग्वारोच्या डोक्यावर आली, मग खांद्यावर, मग वाळूवर. मुलगा घड्याळाकडे बघायला लागला की मुलगी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. आतून यंत्राचा बारीक, संथ आवाज येत होता, कोणीतरी लांब समुद्रकाठी बसून फुंकर घालावी तसा. एलॉय, ज्याला डासाचा आवाज खपत नाही तो, डोळे मिटून ऐकत होता.

मग आवाज थांबला. पडदा सरकला. मार्लिस अनवाणी बाहेर आली, विस्कटलेली वेणी, गालावर लाल वळ, आणि आमच्याकडे बघतच राहिली. जणू आम्ही कोण हे तिला आठवायला वेळ लागत होता.

"पडलं?" एलॉयनं हळूच विचारलं.

ती खुर्चीत बसली. "पडलं."

त्यानं पहिला कप भरला. काठोकाठ, थोडी सांडलीसुद्धा.

"आमचं स्वयंपाकघर होतं," मार्लिस म्हणाली. "आर्विड टेबलाशी बसून उकडलेलं अंडं सोलत होता. माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, मीठ कुठंय."

आम्ही वाट बघत राहिलो. मासा बोलला नाही, गाई उतरल्या नाहीत.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काही नाही. एवढंच." ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले. तिनं ते पुसले नाहीत. मीही माझे पुसले नाहीत, आणि एलॉय शेकोटीत विनाकारण लाकडं सारत बसला.

"मग दिलंस का मीठ?" मी विचारलं.

"कुठलं देते! फडताळाकडे वळले आणि सकाळ झाली." तिनं कप दोन्ही हातांत धरला, एक मोठा घोट घेतला, आणि तेव्हा कुठं तिला ते दोघं दिसले. ती लगबगीनं उठली, वेणी मागे टाकली.

"माफ करा हं, तुम्हाला उगाच हेलपाटा घातला. गाडी नाही विकायची मला. तो मिठासाठी खोळंबलाय." मग तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. ती शेकोटीजवळच्या माझ्या तव्याकडे वळली. "पण इतक्या लांबून आलात, नाश्ता केल्याशिवाय जाऊ नका."